मनगटावरचा र गण

"माशी अडकलीय का गं आत?" मावशीने विचारलं.

तिच्या तळहातावर माझा फोन होता, फोनवर गाणं चालू होतं आणि तीन शनिवार-रविवार खपून मी लिहिलेला प्रोग्राम त्या गाण्याचं कंपनात रूपांतर करत होता. निदान माझी तशी समजूत होती. गाणं तिच्या कानांवर पडण्याचा प्रश्नच नव्हता. गेल्या काही वर्षांत तिचे कान एकेक पायरी उतरत गेले. आधी स, श, फ गेले. मग दारावरची घंटा गेली, मग बायकांचे आवाज, मग पुरुषांचेही. शेवटी श्रवणयंत्र लावूनही नुसता गलका उरला, तेव्हा तिने ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. हे गाणं मात्र तिला तोंडपाठ होतं, म्हणूनच मी ते निवडलं होतं. डोळे मिटून अर्धा मिनिट तिने हातातली घूं घूं सोसली आणि मग माशीची चौकशी केली.

मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. फोन परत घेतला, कानांत बोळे घातले आणि स्वतःच्या हातावर तेच गाणं लावून पाहिलं. माशीच होती.

एखादं काम फसलं की माणूस यंत्राला दोष देतो. मीही दिला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. जुन्या फोनमध्ये थरथरीसाठी एक इवलीशी मोटर असे. तिच्या आसावर एका बाजूला कललेलं वजन. मोटर फिरली की ते वजन सगळ्या फोनला हिसके देई. जोर वाढवायचा तर वेग वाढवावा लागे आणि वेग वाढला की कंपनाची जातच बदले. दोन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधलेल्या. शिवाय सुरू व्हायला वेळ, थांबायला त्याहून वेळ. नव्या फोनमध्ये स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या ओढीने सरळ रेषेत मागेपुढे हलतं. ते झटकन उठतं, झटकन बसतं. पण त्यालाही एक सूर लाडका असतो, बहुधा सेकंदाला दीड-दोनशे कंपनांच्या आसपास. त्याच सुरावर ते खुलतं, इतरत्र कण्हतं. म्हणजे माझ्या हातात होती एकतारी, आणि मी तिच्यावर अख्खा वाद्यवृंद वाजवायला निघाले होते.

त्वचेचीही स्वतःची मर्यादा आहेच. तरुण, धडधाकट कान सेकंदाला 20 ते 20,000 कंपनं टिपतो. त्वचेची झेप जेमतेम हजारापर्यंत, आणि तिची सगळ्यात जास्त हुशारी 250च्या आसपास. त्या टप्प्यात मात्र ती थक्क करते. एका मायक्रोमीटरपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान हालचाल बोटाच्या टोकाला कळते. हे ज्याच्यामुळे कळतं त्या त्वचेखालच्या कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या कणाला फिलिप्पो पाचिनीचं नाव आहे. 1830च्या दशकात हा इटालियन तरुण हाताचं विच्छेदन करत असताना त्याला नसांवर हे दाणे दिसले. (याच पाचिनीने 1854मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याचे जंतूही पाहिले होते. श्रेय मात्र पुढे तीस वर्षांनी जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखला मिळालं. ज्याला एवढं बारीक दिसत होतं तो स्वतः कुणाला दिसला नाही.)

पाचिनीच्या कणाची एक खोड आहे आणि माझ्या माशीचं मूळ त्या खोडीतच होतं. त्याला फक्त बदल कळतो. दाब पडला की तो ओरडतो, दाब उठला की पुन्हा ओरडतो, मधल्या काळात गप्प. हातातलं घड्याळ दिवसभर जाणवत नाही ते अशा कणांच्या कृपेने. कंपन त्याला कळतं, कारण कंपन म्हणजे सतत बदलच. पण तेच ते कंपन लांबत गेलं की त्वचा त्यालाही सरावते, बधिर होते. मी गाण्यातलं सगळंच्या सगळं तिच्या हाती दिलं होतं. पेटी, व्हायोलिनं, तालवाद्यं, गळा, सगळ्यांच्या आवाजाची एकत्र बेरीज करून तिच्या चढउताराप्रमाणे मोटर चालवली होती. वाद्यवृंदात क्षणभरही कुणी गप्प बसत नाही. त्यामुळे बेरीज कायम चढलेली आणि मोटर कायम चालू. कानाला ही गर्दी वेगळी करता येते. हाताला नाही.

मग मी टाकून द्यायला सुरुवात केली. हे काम लिहिण्यापेक्षा खोडण्याचं आहे हे मला फार उशिरा उमगलं. पेटी काढली. व्हायोलिनं काढली. तालाचे ठोके वेगळे शोधले. आवाज अचानक उसळतो तो क्षण पकडायचा आणि तिथे एकच आखूड टिचकी द्यायची. गळ्यासाठी मंद, लांब, चढत-उतरत जाणारी थरथर ठेवली. दोन टिचक्यांच्या मधे मुद्दाम रितेपण ठेवलं. 2019मध्ये आयफोनवर अशी कंपनं रचण्याची सोय आली तेव्हा तिच्यात घटनांचे दोनच प्रकार होते, एक क्षणात संपणारी आणि एक चालू राहणारी. आणि त्यांचे गुण दोनच, किती जोराची आणि किती टोकदार. मी त्यांना ठोका आणि गुंजन, जोर आणि धार म्हणते. एवढ्याशा व्याकरणावर बरंच काही लिहिता येतं. अँड्रॉइड 12मध्ये, 2021 साली, आवाजावरून आपोआप कंपन तयार करण्याची सोय आली. 2024पासून आयफोन निवडक गाण्यांबरोबर हातात ताल धरतो. खेळांच्या कंट्रोलरमध्ये तर हे 1997पासून चालू आहे. त्या वेळी स्फोट झाला की हातात नुसता भूकंप व्हायचा, आता वाळूवरचं पाऊल आणि बर्फावरचं पाऊल वेगवेगळं लागतं. तरीही माझं मत असं की आपोआप केलेलं कंपन आणि कुणीतरी बसून, हाताने चाचपून रचलेलं कंपन यांत लगेच फरक कळतो. पहिल्यात काही चुकलेलं नसतं, एवढाच त्याचा गुण.

दुसऱ्या खेपेला मावशीचा पाय हलायला लागला. ताल तिला बरोबर सापडला होता. कडव्यानंतरची जागा आली तेव्हा तिने मानही हलवली. मग डोळे उघडून म्हणाली, "ताल आलाय. आता कुणीतरी शहाण्यासारखं दार ठोठावतंय. पण गाणं कुठाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मावशी मराठीची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवयी गेलेल्या नाहीत. त्या संध्याकाळी माझा पडलेला चेहरा पाहून असेल, तिने मला एक खेळ दिला. आवाजाचेही आणि स्पर्शाचेही असे शब्द काढ. मी 'खरखर' म्हटलं: रेडिओची खरखर आणि खरखरीत कापड. तिने 'ठणका' काढला. घण ठणठण वाजतो आणि दुखरी दाढ ठणकते. धडधड कानाला ऐकू येते आणि छातीला कळते. पायाला झिणझिण्या येतात, त्या तर तारेच्याच. आवाज मऊ असतो, भरड असतो, बोचरा असतो, टोकदार असतो. स्वर कोमल असतो. कोमल हा शब्द कानाचा नव्हेच, तो बोटांचा. शेवटी तिने हुकमाचं पान टाकलं. 'कर्कश'. आज आपण तो फक्त आवाजाला लावतो, पण संस्कृतात कर्कश म्हणजे मुळात हाताला टणक, खरबरीत लागणारं. "तुझं यंत्र आत्ता करतंय ते भाषेने केव्हाच केलंय," असं म्हणून तिने मला गुण दिले, दहापैकी सहा.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. फिनलंडमध्ये वेइक्को योउस्माकी आणि रीट्टा हारी यांनी 1998मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने हात एकमेकांवर चोळायचे, त्या चोळण्याचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्यालाच हेडफोनवर ऐकवायचा. त्या आवाजातला वरच्या पट्टीचा भाग वाढवला की माणसाला आपली कातडी कागदासारखी कोरडी वाटायला लागते. हात तेच, चोळणं तेच. म्हणजे आपण ज्याला 'हाताला लागलं' म्हणतो त्यात कानाचा वाटा असतो. मावशीला कापूस आणि वाळू यांचा स्पर्श आता पूर्वीसारखाच लागत असेल का, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सगळंच जरा गुळगुळीत झालंय."

जॉर्ज फॉन बेकेशीची गोष्ट मी तिला सांगितली ती खास तिला खूश करायला. कानातल्या शंखाकृती नळीत आवाज लाटेसारखा कसा सरकतो हे शोधल्याबद्दल त्याला 1961चं नोबेल मिळालं. ती लाट इतक्या बारीक जागी असते की तिथे स्वतःला जाऊन बघता येत नाही. म्हणून त्याने कानाच्या त्या नळीची भलीमोठी प्रतिकृती केली आणि तिच्यावर आपला हात, मनगटापासून कोपरापर्यंत, आडवा ठेवला. कंपन सगळ्या नळीभर पसरलेलं, पण हाताला ते एकाच जागी जाणवे. सूर बदलला की ती जागा सरके. थोडक्यात त्याने हाताचा कान केला. मावशीने ऐकून घेतलं, म्हणजे माझे ओठ वाचले, आणि विचारलं, "मग पुढे त्या हाताने काही समजलं का त्याला? शब्द?"

शब्दांचा प्रयत्न रॉबर्ट गॉल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात केला होता. सुरुवात एका लांब नळीने. एका टोकाला बोलायचं, दुसऱ्या टोकाला बहिऱ्या माणसाने हात लावायचा. मग विजेवर चालणारं 'टेलिटॅक्टर' आलं. त्यात आवाजाचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या बोटांना देण्याची सोय होती. बोटांनी बोलणं ऐकावं, हे गॉल्टचं स्वप्न काही पुरं झालं नाही. पण ओठ वाचणाऱ्याला त्या थरथरीची मदत होते हे मात्र दिसून आलं. ते का, हे मावशीला समजावून सांगावं लागलं नाही. 'पोट', 'बोट' आणि 'मोट' हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. फरक आहे तो गळ्यात आणि नाकात. डोळ्यांना जे दिसत नाही नेमकं तेवढंच हाताने पुरवलं तर हाताकडून अख्ख्या भाषेची अपेक्षा करावी लागत नाही.

तरी हाताला अख्खी भाषा झेपते, याचा पुरावा त्याच काळातला आहे, आणि त्याला यंत्र लागलेलं नाही. टॅडोमा पद्धतीत बहिरी आणि अंध व्यक्ती बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवते: अंगठा ओठांवर, बोटं गालावर, जबड्यावर आणि गळ्यावर. टॅड आणि ओमा या दोन मुलांच्या नावांवरून हे नाव पडलं. सोफिया अल्कॉर्न ही त्यांची शिक्षिका. तरबेज माणसं अशा रीतीने अनोळखी माणसाचं ओघवतं बोलणंही समजून घेत. म्हणजे त्वचा कमी पडत नाही. ओठांची उघडझाप, श्वासाचा झोत, जबड्याची हालचाल, गळ्याची थरथर, असं चार वाटांनी एकाच वेळी येणारं ती एकत्र गुंफते. आपण तिला फोनमधून एक वाट देतो, तीही अरुंद. आणि मग म्हणतो, हाताला काही कळत नाही.

बहिऱ्या आणि अंध हेलन केलरने 1924 साली रेडिओवर बेथोव्हेनची नववी सिंफनी ऐकली ती ग्राहकयंत्राच्या पडद्यावर हलकेच बोटं ठेवून. तारवाद्यं, ढोल, माणसांचे आवाज तिला वेगळे जाणवले, असं तिने वाद्यवृंदाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. तो पडदा एकाच सुरावर अडून बसणारा नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. माझ्या फोनमधल्या मोटरीपेक्षा शंभर वर्षांपूर्वीचं ते साधन या एका बाबतीत सरस होतं.

गाण्याचा नाद मी काही काळ सोडला. कारण मावशीची खरी अडचण गाणं ही नव्हतीच. तिची अडचण होती दार. आम्ही बाहेर उभे, ती आत, आणि आमच्या मधे एक बंद दरवाजा. फोनमध्ये 2020पासून आवाज ओळखण्याची सोय आहे. दाराची घंटा, बाळाचं रडणं, धुराचा भोंगा ऐकू आला की फोन थरथरून सूचना देतो. ती आम्ही चालू केली होती. मावशीचं म्हणणं असं, की थरथरला म्हणजे काहीतरी झालंय एवढंच समजतं; काय झालंय ते पाहायला आधी चष्मा शोधायचा, मग फोन शोधायचा, तोवर दारातला माणूस निघून जातो किंवा घर जळून जातं.

मी मनगटाचा पट्टा आणला आणि पुन्हा नकलेच्या मागे लागले. घंटेचं कंपन घंटेसारखं, भोंग्याचं भोंग्यासारखं. तिला ते ओळखता येईनात. दोन-तीन दिवसांनी तिनेच थांबवलं. "आवाजाची नक्कल कशाला करतेस? मला आता आवाज आठवतायत कुठे. त्यापेक्षा गण दे."

गण! यमाताराजभानसलगा. शाळेत वृत्तं ओळखायला पाठ केलेलं हे सूत्र माझ्या डोक्यात कुठेतरी धूळ खात पडलं होतं. तीन-तीन अक्षरांचे आठ गण, प्रत्येक अक्षर लघू नाहीतर गुरू. दोन पर्याय, तीन जागा, दोनाचा घन आठ. संगणकवाले ज्याला तीन बिट म्हणतात ते हेच. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या जुळण्या क्रमाने मांडायची रीत दिलेली आहे, हे मला ठाऊक असूनही आखूड थरथर आणि लांब थरथर समोर असताना सुचलं नाही. मावशीला सुचलं, कारण तिने तीस वर्षं मुलांकडून बाकावर टिचक्या मारून गण घोकून घेतले होते.

असं काही करू पाहणारी ती पहिली नव्हे. फ्रँक गेलडार्डने 1957मध्ये 'व्हायब्रेटीज' नावाची कंपनांची भाषा मांडली होती. छातीवर पाच जागी कंपक, प्रत्येकाचे तीन जोर आणि तीन लांब्या, म्हणजे 45 चिन्हं. लोक ती शिकले, वाक्यंही ओळखू लागले. पण छातीला पाच कंपक बांधून कोण हिंडणार. आताच्या एका मनगटी घड्याळात डोळे न उघडता वेळ कळावी म्हणून ठोके देण्याची सोय आहे. तिच्या एका पद्धतीत पाच-पाच तासांना एकेक लांब ठोका, उरलेल्या तासांना आखूड आणि मग पाव-पाव तासांना पुन्हा लांब. मी ती रात्री वापरून पाहिली. जाग आली की मनगटावर बेरीज करायची, आणि बेरीज संपेपर्यंत झोप उडालेली. मावशीच्या गणांना बेरीज लागत नव्हती. तिला ते चेहऱ्यासारखे ओळखीचे होते.

वाटणी तिनेच केली. दारावर थाप म्हणजे न गण, तीन लघू, थापेसारखाच. घंटेला भ गण. धुराच्या भोंग्याला म गण, तिन्ही गुरू, "जड पावलांनी संकट येतं तसा". आणि मी हाक मारली की र गण, कारण 'मावशी' हा शब्दच गुरू-लघू-गुरू आहे. ही माझ्या हाकेची नक्कल होती की खूण, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

कागदावरचं छंदशास्त्र मनगटावर उतरवताना पुष्कळ नडलं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मी लघू 60 मिलिसेकंदांचा ठेवला, गुरू 120चा, आणि मावशीला ते सारखेच वाटले. मोटर उठायला थोडा वेळ घेते, बसायला थोडा. या उठबशीत मात्रांचा हिशेब बुडतो. शेवटी गुरू 180 केला, म्हणजे तीन मात्रांचा. मोर्सच्या तारसंकेतांतही रेघ टिंबाच्या तिप्पट असते, ती उगीच नव्हे. मावशीने या शास्त्रद्रोहाला नाइलाजाने मान्यता दिली. मग आणखी एक लक्षात आलं. न गणातला पहिला लघू हरवतोय. ती पुस्तक वाचत असते, मन दुसरीकडे असतं. पहिला ठोका लक्ष वेधण्यातच खर्च होतो आणि मोजायला उरतात दोन. "आधी 'अगं' म्हण, मग बोल," ती म्हणाली. म्हणून प्रत्येक गणाच्या आधी एक अगदी मंद, चढत येणारी थरथर आहे. प्रोग्राममध्ये तिचं नाव 'अगं' असंच आहे.

हातवाऱ्यांचं प्रकरण त्यानंतरचं. सूचना मिळाली की ती बंद करायला हवी, नाहीतर पट्टा दर दहा सेकंदांनी तेच सांगत राही. मी ठरवलं, मनगट झटकलं की बंद. पट्ट्याला हालचाल कळते, सोपं काम. मावशीने मनगट झटकलं. पुन्हा झटकलं. तिसऱ्यांदा असं झटकलं की माझ्या चष्म्याला लागलं.

"बंद झालं होतं पहिल्यांदाच," मी म्हटलं.

"मग मला कोण सांगणार? एका हाताने टाळी वाजते का?"

हवेतल्या हातवाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. बटण दाबलं की ते बोटाला उलट दाबतं, दाराला हात लावला की दार हाताला लागतं. हवा काहीच परत करत नाही. त्यासाठी तंत्रज्ञांनी काय काय केलं आहे! टोकियोत हिरोयुकी शिनोदांच्या गटाने आणि नंतर ब्रिस्टलच्या संशोधकांनी ध्वनिलहरींनी हवेतच स्पर्श निर्माण केला. पुष्कळ छोटे स्पीकर सेकंदाला 40,000 कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा आवाज एका बिंदूवर एकवटतात. तिथे हवेचा दाब इतका वाढतो की तळहाताला कळतो. मात्र 40,000 त्वचेला कळत नाहीत, म्हणून तो दाब सेकंदाला दोनशेएक वेळा कमी-जास्त करावा लागतो. पुन्हा पाचिनीचाच दरवाजा! याच्या अगदी उलट टोकाला अ‍ॅपलच्या लॅपटॉपचं ते काचेचं पॅड, जे 2015पासून दाबलं तरी खाली जात नाही. आतलं चुंबक त्याला आडवा धक्का देतं आणि बोट शपथेवर सांगतं की खाली गेलं. लॅपटॉप बंद करून ते दाबून पाहावं, दगड.

मला भावली ती यांपैकी कुठलीच नव्हे. गूगलच्या सोली या रडारच्या लोकांनी एक साधी गोष्ट हेरली होती. हातवारा असा निवडायचा, की ज्यात माणसाचा हात स्वतःलाच लागेल. अंगठा तर्जनीवर घासला की चकती फिरवल्यासारखं, अंगठा बोटावर टेकवला की बटण दाबल्यासारखं. स्पर्श फुकटात मिळतो, तोही हुबेहूब. मी झटकणं काढून चिमूट आणली. त्याने आणखी एक घोटाळा मिटला. मावशी शिक्षिकेच्या सवयीने हातवारे करत बोलते आणि रंगात येऊन काही सांगू लागली की झटक्यांनी पट्टा आपोआप गप्प होत असे.

चिमटीने तिला कळायचं, की मी काहीतरी केलं. पट्ट्याला ते कळलं की नाही, हे अजून कळत नव्हतं. सिएटलमधल्या बहिऱ्या-अंध लोकांनी 2007पासून 'प्रोटॅक्टाइल' नावाची पद्धत घडवली आहे. त्यात ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर किंवा हातावर सारखे हलके ठोके देत राहतो: हो, ऐकतोय, पुढे बोल. डोळसांची मान हलते आणि आपण 'हं' म्हणतो, त्याच्या जागी. मी हे वाचून दाखवलं, म्हणजे लिहिलेलं पुढे सरकवलं, तेव्हा मावशीने समासात एक शब्द लिहिला: 'हुंकार'. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो मिळाला नाही तर गोष्ट थांबते. आता चिमूट झाली की पट्टा एकदाच, जेमतेम लागेल एवढा ठोका देतो. प्रोग्राममध्ये त्याचं नाव काय असेल, ते सांगायला नको.

काही महिन्यांनी तिने मला दुपारी विचारलं, "हाक मारलीस का?" मी मारली नव्हती. पट्टाही काढून टेबलावर ठेवलेला. फोन खिशात नसताना तो थरथरल्याचा भास होणं आता फार जणांना ठाऊक आहे; 2010मध्ये एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारलं तेव्हा दोन-तृतीयांशांना हा अनुभव आलेला होता. मी तिला हे सांगून धीर देऊ लागले. तिला धीराची गरज नव्हती. "पूर्वी कान वाजायचे, आता मनगट वाजतं," ती म्हणाली आणि परत पुस्तकात गेली. हा भास र गणाचाच होता की नुसती थरथर, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

गाण्याचं देणं मात्र राहिलंच होतं. मागच्या महिन्यात एका रात्री मी काही न सांगता तिच्या पट्ट्यावर चार य गण पाठवले. लघू-गुरू-गुरू, लघू-गुरू-गुरू, असं चारदा. भुजंगप्रयाताची एक अख्खी ओळ. शब्द नाहीत, सूर नाहीत. ती खिडकीशी बसली होती. पहिल्या गणाला तिने पुस्तक खाली केलं. दुसऱ्याला तिचे ओठ हलायला लागले. ओळ संपल्यावर तिने बोट वर केलं: पुन्हा. मी पुन्हा पाठवली. तिने पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटले, मनगट कानाशी धरावं तसं गालाशी धरलं आणि ओळ संपेपर्यंत तशीच राहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिसरा य गण चुकलाय. ज पडलाय तिथे."

"शक्यच नाही, चारही सारखे आहेत," मी म्हटलं, आणि तिच्या त्या नजरेला घाबरून फाइल उघडली. बारा कंपनांची यादी होती, एकाखाली एक. वरून मोजत आले. नवव्याची लांबी 180 हवी होती. मी 60 लिहिली होती.